एकाच रुग्णाचे तीन क्रमांक

उत्तर गोव्यातील एका धर्मादाय न्यासाच्या रुग्णालयातले हे प्रकरण आहे. रुग्णालयाचे नाव, गाव आणि रुग्णांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. कामाचा क्रम, घेतलेले निर्णय आणि झालेल्या चुका तशाच ठेवल्या आहेत, कारण इतर रुग्णालयांना उपयोग व्हायचा तो त्यांचाच.

पार्श्वभूमी

रुग्णालयात दीडशेच्या आसपास खाटा आहेत. ओपीडीला चार नोंदणी काउंटर, तातडीच्या विभागात एक. लॅब, एक्स-रे, सोनोग्राफी आणि रक्तसाठा केंद्र तिथेच. रुग्ण मुख्यतः डिचोली, सत्तरी, पेडणे आणि बार्देशातले. दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीकडूनही बरेच येतात. काउंटरवरचे बोलणे कोकणी-मराठीत चालते, संगणकातली नोंद मात्र रोमन लिपीत होते. बोलीतले नाव रोमनमध्ये उतरवताना जे काही होते, त्यातच या प्रकरणाचे मूळ आहे.

आधीची प्रणाली म्हणजे बिलिंगसाठी लिहिलेला साधा प्रोग्राम. दर वर्षी १ एप्रिलला क्रमांक पुन्हा एकपासून सुरू व्हायचा. रुग्णाने जुना केस पेपर आणला तर जुना क्रमांक, हरवला तर नवा. त्याच्या जागी नवी एचआयएस, म्हणजे रुग्णालयाची माहिती सांभाळणारी संगणक प्रणाली आली, तिचा मुख्य आधार होता प्रत्येक रुग्णाला आयुष्यभरासाठी एकच कायम क्रमांक. पुरवठादाराने जुना सगळा डेटा नव्या प्रणालीत ओतला आणि प्रत्येक जुन्या क्रमांकाला एक नवा कायम क्रमांक दिला. म्हणजे रुग्णाला क्रमांक मिळालाच नाही, मिळाला तो जुन्या कागदाला. ज्या बाईचे पूर्वी तीन केस पेपर झाले होते, तिचे आता तीन कायम क्रमांक झाले.

अडचण कशी उघडी पडली

पावसाळ्यातल्या एका रात्री पन्नाशीची एक बाई ताप आणि छातीतल्या संसर्गामुळे तातडीच्या विभागात आली. नावाने शोधले, सापडली नाही, नवा क्रमांक पडला. पडद्यावर ॲलर्जीच्या चौकटीत ‘नाही’ असे होते. डॉक्टरांनी पेनिसिलिन गटातले इंजेक्शन लिहिले. देण्याआधी सिस्टरने नेहमीप्रमाणे विचारले, तेव्हा मुलगी म्हणाली की मागच्या खेपेला याच रुग्णालयात इंजेक्शन दिल्यावर आईच्या अंगभर पुरळ उठले होते आणि ओठ सुजले होते. इंजेक्शन थांबले, औषध बदलले, बाई बरी होऊन घरी गेली.

दुसऱ्या दिवशी रेकॉर्ड रूमने शोध घेतला. बाईचे एक खाते माहेरच्या नावाने होते. गोव्यात काही समाजांत लग्नात मुलीचे आडनावच नव्हे, पहिले नावही बदलतात. त्यामुळे त्या खात्यातले एकही नाव आजच्या नावाशी जुळत नव्हते. दुसरे खाते सासरच्या नावाने होते, पण आडनाव सीने लिहिलेले. तिसरे कालच्या रात्रीचे, केने लिहिलेले. ॲलर्जीची नोंद दुसऱ्यात होती.

इथे दोन वेगळे दोष एकत्र आले होते आणि ते वेगळे ओळखणे फार महत्त्वाचे ठरले. पहिला, शोधूनही खाते सापडले नाही. दुसरा, ॲलर्जीच्या चौकटीत काहीच भरले नाही तर प्रणाली आपोआप ‘नाही’ दाखवत होती. ‘विचारले, नाही’ आणि ‘विचारलेच नाही’ यांत रुग्णाच्या जिवाइतके अंतर आहे. हा दुसरा दोष त्याच आठवड्यात दुरुस्त झाला: चौकट आता रिकामी येते, ‘विचारले नाही’ असे लाल अक्षरांत दिसते, आणि ‘आहे’ किंवा ‘नाही’ निवडल्याशिवाय भरती रुग्णाची औषधे पुढे जात नाहीत. पहिल्या दोषाला मात्र वर्ष लागले.

खाते सापडत का नव्हते

प्रणालीत उच्चारावरून शोधण्याची सोय होती. ती साउंडेक्स पद्धतीची होती. १९१८ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालेली ही पद्धत नावाचे पहिले अक्षर तसेच ठेवते आणि पुढच्या व्यंजनांचे तीन अंक करते. गोव्यातली नावे नेमकी पहिल्या अक्षरालाच फुटतात. पोर्तुगीज वळणाने लिहिलेले शिरोडकर एक्सने सुरू होते, आजचे एस-एचने. दोन्हींचे अंक ६३२ असे एकच येतात, पण आधीची अक्षरे वेगळी, म्हणून एक शोधले की दुसरे दिसत नाही. कामतचेही तसेच: सीने किंवा केने लिहा, अंक ५३०च. सावंत तर त्याहून अवघड. साउंडेक्स डब्ल्यू सोडून देते आणि व्हीला अंक देते, त्यामुळे डब्ल्यूचा सावंत एस-५३० आणि व्हीचा सावंत एस-१५३. उलट पोर्तुगीज वळणाचा पोरोबो आणि प्रभू हे मात्र एकाच संकेतात बसतात. म्हणजे पद्धत अगदीच निकामी नव्हती. ती या नावांसाठी घडलेली नव्हती.

नावाखेरीज इतर रकानेही तितकेच कच्चे होते. वय विचारून वर्ष टाकले की प्रणाली जन्मतारीख १ जानेवारी धरायची. मोबाइल क्रमांक सक्तीचा होता, पण म्हाताऱ्या माणसाजवळ फोन नसला तर मुलाचा, शेजाऱ्याचा, गाडीवाल्याचा किंवा सोबत आलेल्या पंचाचा क्रमांक पडायचा. घाईत दहा वेळा नऊसुद्धा. पत्त्यात वाडा, म्हणजे गावातली वस्ती असायची, पंचायतीचा घर क्रमांक नसायचा. पिनकोडचे पहिले तीन अंक अख्ख्या गोव्यात ४०३, म्हणून त्यावरून सिंधुदुर्गातला ४१६चा रुग्ण वेगळा काढता येतो, एवढाच त्यांचा उपयोग. त्यातही दोडामार्गचा माणूस डिचोलीच्या बहिणीकडे राहून उपचार घेत असेल तर पत्ता बहिणीचाच पडतो.

पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क गेले की नोंदणी कागदावर चाले. नंतर ते कागद कोणीतरी एकहाती भरून काढी, तेव्हा शोध घ्यायला रुग्ण समोर नसे. सरळ नवे क्रमांक पडत.

सगळ्यात साधे कारण पडद्यावर होते. ‘नवीन रुग्ण’ हे बटण वर, मोठे आणि एका क्लिकचे. शोधाची खिडकी तीन क्लिक आत. गणेश चवथीनंतरच्या सोमवारी काउंटरसमोर साठ माणसे उभी असताना, आणि कर्मचाऱ्याचे काम किती टोकन संपवले यावर मोजले जात असताना, तो काय दाबणार? याला काउंटरवरच्या माणसाचा निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे होईल.

कोणते पर्याय होते

पुरवठादाराने सुचवलेला पर्याय सर्वांत स्वस्त होता: रात्रीतून चालणारे आपोआप विलीनीकरण. नाव, लिंग आणि मोबाइल जुळले की दोन खाती एक. रेकॉर्ड रूमच्या प्रमुखांनी त्याला ठाम विरोध केला. एकाच मोबाइलवर सासू आणि सून असतात, आणि सत्तरीतल्या एकाच गावात त्याच नावाची दुसरी गावकर निघायला वेळ लागत नाही. दुहेरी खात्यात माहिती अर्धी दिसते. चुकीने एक झालेल्या खात्यात मात्र दुसऱ्याची माहिती आपली म्हणून दिसते, आणि तिच्यावर डॉक्टर विश्वास ठेवतो. हा युक्तिवाद मान्य झाला आणि तो या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय होता.

आधार सक्तीचे करण्याचाही विचार झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या २६ सप्टेंबर २०१८च्या निकालानंतर खासगी संस्थेला तशी सक्ती करता येत नाही. शिवाय बेशुद्ध रुग्ण, नवजात बाळ आणि परदेशी पर्यटक यांचे काय, हा प्रश्न उरतोच. आभा, म्हणजे आयुष्मान भारत आरोग्य खात्याच्या १४ अंकी क्रमांकाचा पर्याय ऐच्छिक म्हणून स्वीकारला: ज्याच्याजवळ आहे तो क्यूआर कोड स्कॅन करून आपली माहिती देतो, ज्याच्याजवळ नाही त्याला अडवायचे नाही.

बोटांच्या ठशांची सूचना लवकर बाजूला पडली. काजूच्या टरफलातल्या तेलाने बोटांची टोके भाजतात, शेतीकामाने झिजतात. ज्यांची खाती सर्वाधिक दुहेरी होती त्यांचेच ठसे सर्वांत कमी उमटणार होते.

जुना डेटा गोठवून सर्वांना नवे क्रमांक द्यावेत असेही एकाने सुचवले. तसे केले असते तर त्या बाईची ॲलर्जीची नोंद कायमचीच पडद्याआड गेली असती.

काय केले

आधी नळ बंद केला, मग सांडलेले पाणी पुसायला घेतले. ‘नवीन रुग्ण’ बटण शोध झाल्याशिवाय उघडत नाही अशी रचना केली. शोध दोन रकान्यांवर ठेवला: पहिल्या नावाची तीन अक्षरे आणि जन्मवर्ष, त्यात दोन वर्षे मागेपुढे चालतात. आडनाव शोधातून मुद्दाम काढले. शब्दलेखनाचे नियम जोडले: एक्स आणि एस-एच एक, सी-के-क्यू एक, व्ही-डब्ल्यू एक, एफ आणि पी-एच एक, शेवटचा मुका ई गळतो. ‘पूर्वीचे नाव’ हा नवा रकाना आला आणि विवाहित बायकांना माहेरचे नाव विचारायचे ठरले. काउंटरवर टोकनांची मोजणी थांबवली. सकाळी आठ ते अकरा एक जास्तीचा माणूस दिला. याला खर्च आला आणि व्यवस्थापनाने तो केला, हे नोंदवायला हवे.

विचारण्याची पद्धतही बदलली. ‘तुम्ही अमुक अमुक ना?’ असे विचारले की रांगेत दमलेला, कमी ऐकू येणारा माणूस मान हलवतो. आता ‘तुमचे पूर्ण नाव सांगा, वाडा सांगा’ असे विचारतात आणि पडद्याशी ताडून पाहतात.

क्रमांक लिहिताना चूक झाली तर कळावी म्हणून त्याच्या शेवटी एक तपासणी अंक जोडला. लुन पद्धत सोपी, पण ती ०९ आणि ९० यांची अदलाबदल पकडत नाही. म्हणून व्हेरहॉफ पद्धत घेतली. आधारचा बारावा अंक याच पद्धतीने येतो. शेजारचे कोणतेही दोन अंक उलटे पडले तरी ती ओळखते. वीज गेल्यावर वापरायला शंभर छापील क्रमांकांचा, बारकोड चिकटवलेला लिफाफा प्रत्येक काउंटरला दिला. कागदावरची नोंद संगणकात चढवण्याआधी शोध सक्तीचा, आणि तो रेकॉर्ड रूमच घेते.

मग जुनी खाती. प्रत्येक संशयित जोडीला १००पैकी गुण द्यायचे ठरले: पहिले नाव २०, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव १५, आडनाव दुर्मीळ असेल तर १५ आणि सर्रास असेल तर ५, पूर्ण जन्मतारीख २०, पण १ जानेवारी असेल तर फक्त वर्षाचे ५, मोबाइल १५, वाडा आणि घर क्रमांक मिळून १५. दुर्मीळ गोष्ट जुळली तर तिचे वजन जास्त, हे तत्त्व फेलेगी आणि सुंटर यांनी १९६९ मध्ये गणिताने मांडले होते. इथे ते गोव्याच्या आडनावांना लावले. ज्या मोबाइलवर पाचपेक्षा जास्त रुग्ण, त्याला शून्य. लिंग वेगळे, रक्तगट वेगळा, किंवा दोन्ही खात्यांवर एकाच वेळी भरती असेल तर जोडी बाद.

७५ आणि वरच्या जोड्या एका कर्मचाऱ्याने पडद्यावर पाहून एक करायच्या. ४५ ते ७४ मधल्यांच्या कागदी फायली काढून दोघांनी तपासायच्या, शंका राहिली तर रुग्णाला फोन करायचा. जुना क्रमांक टिकवायचा, नवा त्याचा उपनाम म्हणून ठेवायचा आणि पुन्हा कोणाला द्यायचा नाही. भरती चालू असेल, बिल उघडे असेल किंवा गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्य विमा योजनेची मंजुरी यायची असेल तर विलीनीकरण डिस्चार्जनंतर.

झालेली चूक

तिसऱ्या महिन्यात एक बाई गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेसाठी भरती झाली. रक्तसाठा केंद्रात तिचा नमुना ओ पॉझिटिव्ह आला, प्रणालीतली जुनी नोंद बी पॉझिटिव्ह. तंत्रज्ञाने नळी चुकली असे धरून दुसरा नमुना मागवला. तोही ओ. त्याने क्रॉसमॅच (रक्त जुळते का ते पाहण्याची चाचणी) थांबवला आणि रेकॉर्ड रूमला फोन केला. त्याने जुन्या नोंदीवर भरवसा ठेवला असता किंवा ‘आधीचे चुकीचे असेल’ म्हणून पुढे गेला असता, तर ही चूक आणखी कित्येक महिने दबून राहिली असती.

एकाच वाड्यातल्या, त्याच नावा-आडनावाच्या दोन बायकांची खाती एक झाली होती. गुण बरोबर ७५. हिशेब उलगडला तेव्हा कारण दिसले. पहिले नाव २०, सर्रास आडनाव ५, जन्मवर्ष ५, मोबाइल १५ (क्रमांक पंचाचा, त्यावर चारच रुग्ण, म्हणून गाळणीतून सुटला). इथवर ४५. नवऱ्याचे नाव दोन्हीकडे रिकामे होते आणि प्रोग्रामने रिकामे बरोबर रिकामे धरून १५ दिले. घर क्रमांकही दोन्हीकडे रिकामा, वाडा एकच, पुन्हा १५. तीस गुण केवळ माहिती नसल्याबद्दल मिळाले होते. खरे गुण ४५ होते, म्हणजे ही जोडी फायली काढून दोघांनी पाहायची होती.

खाती पुन्हा वेगळी करणे फार जड गेले. विलीनीकरणाने प्रत्येक नोंदीवरचा मूळ क्रमांक पुसून टाकला होता, कुठून काय आले याची वही नव्हती. वाचवले ते एका जुन्या त्रुटीने. विलीनीकरणाचा संदेश, म्हणजे रुग्णालयातल्या प्रणालींनी एकमेकींना माहिती पाठवण्याच्या एचएल-७ या मानकातला ए-४०, लॅबचे सॉफ्टवेअर घेतच नव्हते, त्यामुळे लॅबचे अहवाल जुन्याच क्रमांकांवर राहिले होते. त्यांच्या तारखा आणि कागदी केस पेपर समोर ठेवून दोन माणसांनी चार दिवसांत एकेक प्रिस्क्रिप्शन वेगळे केले. दोन्ही बायकांना बोलावून काय घडले ते सांगितले आणि ॲलर्जी, औषधे, जुने आजार पुन्हा विचारून घेतले.

त्यानंतर तीन बदल झाले. रिकाम्या रकान्याला शून्य गुण. कोणतीही जोडी असो, दोघांच्या सह्या. आणि खाती एक करण्याऐवजी आधी नुसती जोडायची, म्हणजे ए-२४ संदेश. डॉक्टरला दोन्हींतल्या ॲलर्जी आणि अहवाल शेजारी शेजारी दिसतात, पण नोंदी हलत नाहीत; चूक निघाली तर ए-३७ने जोड सुटते. रुग्ण पुढच्या वेळी समोर आला आणि त्याने स्वतः दोन्ही भेटी ओळखल्या, तरच कायमचे विलीनीकरण.

परिणाम

वरच्या गटातले काम पाच महिन्यांत संपले, मधल्या गटाचे अजून चालू आहे. नव्या दुहेरी नोंदी जवळपास थांबल्या. ज्या होतात त्या बहुतेक तातडीच्या विभागात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रेकॉर्ड रूम त्या यादीवरून पाहून जोडते. काउंटरवर एका रुग्णाला लागणारा वेळ सुरुवातीला वाढला. दीड महिन्यानंतर तो जवळजवळ पूर्वीइतका झाला, कारण खाते सापडले की पत्ता पुन्हा टाइप करावा लागत नाही. लॅबच्या सॉफ्टवेअरला ए-४० शिकवायला पुरवठादाराने वेगळे पैसे मागितले, मूळ करारात ते नव्हते.

वेगळे काय करता आले असते

जुना डेटा नव्या प्रणालीत ओतण्याआधीच गुणांची यादी काढायला हवी होती. त्या वेळी कोणताही अहवाल, बिल किंवा एक्स-रे नव्या क्रमांकाला चिकटलेला नव्हता. जोडणे आणि सोडवणे दोन्ही सोपे होते. करारात दोन वाक्ये हवी होती: खाती एक केल्यावर ती पुन्हा वेगळी करता आली पाहिजेत, आणि लॅब व एक्स-रेच्या प्रणालींनी तो बदल स्वीकारलाच पाहिजे.

गुणपद्धत वापरण्याआधी खात्रीने ओळखलेल्या दोनशे जोड्यांवर चालवून पाहायला हवी होती, निम्म्या खऱ्या आणि निम्म्या सारख्या नावाच्या पण वेगळ्या माणसांच्या. रिकाम्या रकान्यांची चूक पहिल्या तासातच दिसली असती. आणि वरच्या गटाला एकाच माणसाची तपासणी पुरेशी मानली, ती घाई होती. उच्च गुणांची जोडी पाहणारा माणूस आधीच ‘एकच आहे’ असे धरून बसतो. उलट तिथेच दुसऱ्या डोळ्यांची गरज जास्त असते.

नवजात बाळांचा प्रश्न अर्धाच सुटला आहे. बाळाची पहिली नोंद आईच्या नावाने होते, बारशाला नाव ठेवले जाते आणि सहा आठवड्यांनी लसीसाठी बाळ नव्या नावाने येते. आता जन्मताच बाळाला स्वतःचा क्रमांक मिळतो, तो आईच्या क्रमांकाशी जोडलेला असतो आणि लसीच्या कार्डावर बारकोड चिकटवूनच डिस्चार्ज होतो. जुळ्यांच्या बाबतीत मात्र आई, तारीख, पत्ता, मोबाइल आणि पुष्कळदा लिंगही एकच, नावांत फरक एका अक्षराचा. अशी जोडी गुणांच्या यादीत सर्वांत वर येते. त्यांच्यासाठी जन्मक्रमाचा वेगळा रकाना ठेवला आहे आणि तो भरलेला असेल तर प्रणाली ती दोन खाती जोडू देत नाही. रकाना येण्याआधी जन्मलेली जुळी मुले रेकॉर्ड रूम सध्या प्रसूती विभागाच्या वहीवरून, एकेक पान उलटून शोधते आहे.